माझ्या नंबरावरची गाठ

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! हृदयाच्या सोनोग्राफी विभागात शिकाऊ म्हणून नोकरी आणि राहायला ताईचं घर. खोली लहान आहे, पण खिडकीशी टेबल आहे. ताईने माझ्यासाठी पडदे धुऊन लावलेत. आई तिच्याकडेच असते. मी दारात बॅग ठेवली तेव्हा ती ताईची उसवलेली बाही शिवत होती, मानेनेच ‘ये’ म्हणाली. चालायचंच. ताईच्या ओठांवरचे तपकिरी ठिपके हुबेहूब मावशीसारखे, म्हणून ती आईच्या गळ्यातला ताईत. मावशी चौतिसाव्या वर्षी मेंदूचा झटका येऊन गेली. माझे ओठ कोरे.

६ तारीख, गुरुवार
आमच्याकडे शिकाऊंनी एकमेकांना तपासून हात बसवायचा असतो. आज कुणीच मोकळं नव्हतं. ताई माझा विसरलेला डबा घेऊन आली, तिलाच झोपवलं. रुग्णाचा नोंदणी नंबर टाकल्याशिवाय मशीन सुरू होत नाही आणि चित्रं त्याच नंबरावर साठतात; सगळे शिकाऊ टाकतात तसा मी माझाच टाकला. पडद्यावर काहीतरी पांढरं हिंदकळत होतं. मला वाटलं, झडप असेल. जाताना बूट घालायला वाकली तर ताईला दम लागला. हिचे आपले नेहमीचे नखरे.

१० तारीख, सोमवार
मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. साठवलेली चित्रं ते दर आठवड्याला बघतात. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, तुझ्या हृदयात गाठ आहे. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर झटका येतो, वेळेत काढली तर टळतो. शुक्रवारी पुन्हा तपासून लगेच शस्त्रक्रिया. अशा गाठी काही घराण्यांत उतरतात, घरात कुणाच्या ओठांवर ठिपके आहेत का, असंही विचारलं.

चित्र ताईचं आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांनी घरी फोन लावला होता आणि पलीकडे आई रडत होती. माझ्यासाठी. जन्मात पहिल्यांदा.

मी म्हटलं, ठिपके कुणालाच नाहीत.

११ तारीख, मंगळवार
आई दिवसभर माझ्या उशाशी. ताई जेवायला बोलवायला आली तर म्हणाली, तुझं तू वाढून घे. काय बरं वाटलं! लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मग आईने विचारलं, ताईलाही तपासायला नको का? मी सांगून टाकलं, मीच तपासलंय, ठणठणीत आहे ती.

१२ तारीख, बुधवार
ताईच्या हातून कप पडला. दोनदा. धाकटीच्या जिवावर बेतलंय आणि तुझं लक्ष कुठे, म्हणून आईने तिलाच झापलं. ताई फरशी पुसत राहिली. डाव्या हाताने.

उद्या नक्की सांगते. आजचा एकच दिवस आई माझी—

१३ तारीख, सकाळ
ताईचा उजवा हात लोंबतोय. आई म्हणते, दमलीय—

ताई दारातच खाली बसली. काहीतरी म्हणतेय, शब्द नाहीत, नुसता आवाज — तोंडाची एक बाजू —

मी उठले. आईने मला परत बसवलं. “तू हलू नकोस, बाळा. जपायचंय ते तुला.”

ताई माझ्याकडेच बघतेय. माझ्या घशातून आवाज फुटत नाही. इथेच लिहून आईला दाखवते —

आई, ती गाठ माझी नाही, ती ता