सहाशे अकरा फायली आणि माझा शेरा

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (त्यातले दोन्ही गुडघे सध्या रजेवर आहेत, बाकीच्या अंगांचा गोड मानून घे.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि वाचायची परवानगी मिळाली असेल असं धरून चालतो. मिळाली नसेल तर हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, ह्यात माझी अब्रू आहे. मी बरा आहे. भूक लागत नाही, झोप येत नाही, पण डॉक्टर म्हणतात की हे वयाला धरूनच आहे.

दादाला जाऊन तीन महिने झाले. घरात त्याची खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून आहे आणि तिच्यावर कुणी बसत नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, ह्यांचा कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकू, पण आधी आतलं जरा बघून लावून द्या. आता बघून लावून देणं हे काम त्यांनी मला सांगावं! चौतीस वर्षं पाणीखात्याच्या दफ्तरात मी दुसरं केलंय काय? आमच्याकडे कागद हातात आला की वर उजव्या कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहायचं, तारीख घालायची, आद्याक्षर टाकायचं, आणि मग तो कागद कपाटात मरायला मोकळा. जित्याची खोड. मी दोन दिवस बसलो, दादाच्या सहाशे अकरा फायली एकेक करून उघडल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर ‘पाहिले’ टाईप केलं आणि सेव्ह केली. (वाचली एकही नाही. ‘पाहिले’ म्हणजे वाचले असं दफ्तरात कुणीच समजत नाही.)

तिसऱ्या दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या आणि सहज बोलावं तसं बोलल्या. शेवटचा महिनाभर दादा रोज दुपारी तिथे बसून काहीतरी लिहीत होता. काय ते विचारलं तर म्हणायचा, तुझ्यासाठीच आहे, झालं की देतो. ते तेवढं सापडलं का, एवढंच त्यांना हवं होतं. कॉम्प्युटर लावून घेणं हे निमित्त होतं, ताई. मी म्हणालो, आता शोधतो, आणि चहा गार होईपर्यंत शोधत राहिलो.

शोधायला तारखेची चाळणी लावायची असते. दादाच्या शेवटच्या महिन्यात बदललेल्या फायली दाखव म्हटलं, तर एकही नाही. गेल्या आठवड्यातल्या दाखव म्हटलं, तर सहाशे अकरा. माझ्या शेऱ्याने सगळ्यांच्या तारखा पुसून माझ्या दोन दिवसांच्या करून टाकल्या होत्या. मग लेखकाचं नाव घालून पाहिलं. तो कॉम्प्युटर दादाने एका दंतवैद्याकडून जुना घेतलेला, त्यामुळे सगळ्या फायलींचा लेखक दंतवैद्य. मग शब्द घालून पाहिले. ‘प्रिय’ कुठेच नाही. ‘प्रेम’ नाही. (चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून माझी अपेक्षाही नव्हती.) ‘आठवण’ एका ठिकाणी निघाली, मी हरखून उघडली, तर लिफ्टच्या दोरांबद्दल कारखान्याला पाठवलेलं आठवणपत्र क्रमांक तीन. वहिनी रोज सकाळी दारात उभ्या राहून विचारायच्या, सापडलं का. मी म्हणायचो, जवळ आलोय. इतकं खोटं मी नोकरीतसुद्धा बोललो नाही.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. त्या हसल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की प्रत्येक फायलीच्या पोटात आणखी एक नोंद असते, माणूस ती उघडून एकूण किती वेळ तिच्यावर बसला त्याची, आणि ती माझ्या शेऱ्याने पुसलेली नाही. त्या वेळेप्रमाणे फायली लावल्या. बहुतेक दोन मिनिटं, पाच मिनिटं. सर्वांत वरची त्रेसष्ट तास.

मी ती घरी आल्यावर उघडली. वर माझं ‘पाहिले’. खाली दादाची एकच ओळ, ‘तुला सांगायचं राहिलं ते असं, की’. पुढे काही नाही. त्रेसष्ट तास, ताई, आणि एवढंच. आणि मी त्यावर चार सेकंदांत शेरा मारून पुढे गेलो होतो. मला फार रडू आलं, पण बाहेर वहिनी होत्या.

तुझा,
धाकटा

ता. क. आता खरं काम. दादाची लग्नाआधीची वहिनींना गेलेली पत्रं तूच लिहून द्यायचीस, मी सायकलवरून पोचवायचो. तर ‘की’च्या पुढचं दीड पान लिहून पाठव. ओळखू येणार नाही, ह्याची मी हमी घेतो.

ता. क. २. लिहू नकोस. पत्र पाकिटात घालत होतो, वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. पडद्यावरची ओळ आणि हा वरचा ता. क., दोन्ही त्यांनी वाचलं. किती वेळ बसले होते म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, “ती लग्नाआधीची पत्रं ताईंची होती, हे मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे, भाऊजी. हे मात्र ह्यांचंच.”

माझा शेरा खोडतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. त्याच्याखाली माझंही ‘पाहिले’ टाका, म्हणाल्या. टाकलं. तारीख कोणती घालू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तारीख राहू दे.