बाकी मजेत

४ तारीख

आले एकदाची. धाकटीचा फ्लॅट आता माझा, पण कागदोपत्रीच. प्रत्यक्षात तो अध्यक्षांचा आहे. अध्यक्ष म्हणजे धाकटीचा ससा. करडा, गुबगुबीत, काडीचं काम करत नाही आणि खुर्ची सोडत नाही, म्हणून माझ्या या धाकट्या बहिणीनं ठेवलेलं नाव. मी बॅगा आत ओढल्या तेव्हा साहेब खुर्चीतून असे पाहत होते, जणू मी भेटीची वेळ न ठरवताच आत घुसले होते.

धाकटी गेल्यापासून समोरच्या काकूच त्याला सांभाळत होत्या. त्यांनी किल्लीबरोबर सूचनांचा पेटाराही दिला. म्हणाल्या, हा अगदी तुमच्या बहिणीवर गेलाय, तक्रार म्हणून करायचा नाही.

घरात ऊन छान येतं. जेवणाच्या टेबलावर मी तपासायची मुद्रितं पसरली. त्यातल्या एका कादंबरीचा कोपरा अध्यक्षांनी खाल्ला आणि बाकीची तशीच सोडली. अभिरुची उत्तम आहे.

संध्याकाळी माझ्या पावलावर हनुवटी टेकून बसला. धाकटी गेल्यापासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं.

७ तारीख

शिंका. आणि पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट. शाळकरी पोरं बाहीला नाक पुसतात, तसा हा पंजांना पुसतो.

टोपलीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई कालच कॉलेजातून सुटल्यासारखी दिसते, पण बोलणं खणखणीत. दुखणं फुप्फुसापर्यंत गेलंय म्हणाली. ससा नाकानंच श्वास घेतो, तोंड उघडून घ्यायला लागला तर फार उरलं नाही असं समजायचं. इतकं होईपर्यंत मला कळलं कसं नाही, असं विचारलं. म्हणाली, ससे आजार लपवतात. दुबळा दिसला की मोठं जनावर खातं, हे त्यांच्या रक्तातच असतं.

मी म्हटलं, आमच्या घरात कुठलं आलंय मोठं जनावर?

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि औषधं लिहायला घेतली.

९ तारीख

औषध पिचकारीनं, गालाच्या कडेनं. वाटलेल्या गवताची पेजही तशीच. आणि दिवसातून काही वेळा वाफ: झाकणाला भोक पाडलेला मोठा डबा, आत अध्यक्ष, नळीतून औषधाचं धुकं. सभेत धूर झाल्यासारखा चेहरा करून बसतात.

वाफेचं यंत्र आणायला निघाले होते. काकू म्हणाल्या, आणू नका, कपाटात खालच्या खणात बघा.

होतं. मोठ्या माणसाचा मास्क लावलेला, वापरून मऊ पडलेला. मास्कच्या आतल्या बाजूला लिपस्टिकचा डाग.

दर रविवारी मी फोन करायचे. दर रविवारी ती म्हणायची, जरा सर्दी आहे गं ताई, बाकी मजेत.

मास्क धुवायला घेतला. धुतला नाही.

१२ तारीख

नाक वर करून बसतो. श्वासाची शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. भरवलेलं सगळं हनुवटीवरून ओघळतं. मी त्याला छातीशी उभा धरून घरभर फिरते आणि एकच घोकते: बरा आहेस ना? बरा आहेस ना रे?

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, अहो, असं विचारल्यावर तो बिचारा नाही कसं म्हणेल?

दुपारी त्यानं तोंड उघडलं. एकदाच. मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, तू नाही जायचंस. निदान तू तरी नाही.

१३ तारीख

शिट्टी बंद! सकाळी पाहते तर स्वारी खुर्चीत. कोथिंबीर पुढे केली, कराकरा चावली. टुणकन उडी मारून पायाशी आला. मी गॅलरीतून काकूंना हाका मारमारून सांगितलं. डॉक्टरीणबाईला फोन केला. आश्चर्य आहे, एकदा आणून दाखवा, म्हणाली. म्हटलं, आश्चर्य तुम्हाला. आमचे अध्यक्ष राजीनामा देणाऱ्यातले नाहीत.

कामं करताना गुणगुणत होते. माझं मलाच नंतर लक्षात आलं.

१५ तारीख

ट्रे कोरा. एक लेंडी नाही. मग एवढं खाल्लेलं जातं कुठं?

झाडताना कळलं. सोफ्यामागे ढीग आहे. कोथिंबीर, गवत, सगळं. चावलेलं, पण गिळलेलं काहीच नाही. माझ्यासमोर चघळतो आणि माझी पाठ वळली की तिथे नेऊन टाकतो.

आणि नाक. जाग्या सशाचं नाक सारखं हलत असतं. याचं हलत नाही.

१६ तारीख

चष्म्याची काच नाकाशी धरली. वाफ धरली नाही. पुसून पुन्हा धरली.

छातीखाली हात घातला. फरशीसारखा गार. आत काही वाजत नाही.

तो माझ्याकडे बघत होता. मग, मी बघतेय म्हणून, त्यानं एक कान हलवला.

दवाखान्यात नेणार नाही. डॉक्टरीणबाई छातीला नळी लावेल आणि त्याच्यादेखत बोलून टाकेल.

१७ तारीख

टेबलाशी पाठमोरी बसले होते. बंद टीव्हीच्या काचेत मागची खोली दिसते. तो आडवा पडलेला. पाय ताठ. डोळा उघडा.

माझी खुर्ची करकरली — तो उठला. आधी पुढचे पाय, मग मागचं अंग ओढत, ओढत — मी वळले तेव्हा ऐटीत बसलेला.

दर वेळी उठायला जास्त वेळ लागतो. कुरवाळलं की केसांचा पुंजका हातात येतो. तरी मी वळून बघते. न बघता कसं —

१८ तारीख

काकू आल्या. दारातच नाक दाबलं. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत येऊन बसल्या.

मग बोलल्या. रविवारी माझ्या फोनआधी धाकटी उठून बसायची. आवाज मोकळा व्हावा म्हणून गरम पाणी प्यायची. लिपस्टिक लावायची. काकू म्हणायच्या, अगं, फोनवर कोण बघतंय? ती म्हणायची, ताईला ऐकू येतं. फोन ठेवला की कोसळायची, मास्क काकू लावायच्या. कळवू का विचारलं तर हात धरायची. ताईला सोसायचं नाही म्हणायची.

मागे खुर्चीत तो — ताठ बसून —

१९ तारीख

येतोय. पुढच्या दोन पायांवर. मागचं नुसतं — फरशीवर घासत —

वर बघणार नाही. मी बघितलं की त्याला बसावं लागतं.

मोठं जनावर. मीच.

पावलावर हनुवटी. गार.

मी रडत रडत ‘जा’ म्हटलं तर तो जायचा नाही. मघाशी गरम पाणी प्यायले. धाकटीची लिपस्टिक खणात होती — लावली. आवाज नाही थरथरायचा. लिहिता लिहिताच मोठ्यानं म्हणते —

अध्यक्ष, खुर्ची सोडा आता. खरंच सोडा. माझं काही नाही. जरा सर्दी आहे, बाकी मी अगदी मजे