मधल्या खांबाखाली

अलिबाग, ऑक्टोबर १९५८. गुरुवार, संध्याकाळ.

धर्मा तांडेल येऊन गेला. वकिली सोडून रहस्यकथा लिहायला लागल्यापासून जुना अशील असा कुणी घरी आला नव्हता. हा आला, सुक्या बोंबलांची जुडी घेऊन.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या भावाच्या खुनाच्या खटल्यातून मी त्याला सोडवलं. खुनाचा कोयता सापडला नाही, एवढ्यावरच. सुटल्यावर त्यानेच मला सांगितलं, बोंबील वाळवायच्या मांडवाच्या मधल्या खांबाखाली पुरलाय म्हणून. आणि मी मूर्खाने नव्या कादंबरीत तेच घातलं. नावं बदलली, गाव बदललं, मधला खांब तेवढा तसाच ठेवला. का? त्याहून चांगली जागा सुचली नाही. शिवाय धर्माला कुठे वाचता येतं, असंही मनात आलं असणार.

ओट्यावर बसून म्हणाला, "साहेब, शाळंच्या मास्तरानी सगलं बुक मला वाचून दावलं. बरं लिवलंय."

मी आत हिला चहा टाकायला सांगितलं.

"कोयता आता त्या खांबाखाली न्हाय."

"मग कुठे?" तोंडातून निघूनच गेलं. जुनी खोड.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमाला सांगितलं तर तुमी लिवाल," म्हणाला. मग जरा हसला. "पर या जागंचं न्हाय लिवनार."

गेला. जुडी ओट्यावरच आहे, हात लावला नाही.

आणि ही आतून पुन्हा विचारतेय, सकाळपासून तिसऱ्यांदा, की आपल्या मागच्या माडाखालची माती कुणी उकरलीय?