उलटा माऊस

४ मार्च
पहिल्याच दिवशी भिंतीत अडकलो!
बायको घरांचे नकाशे काढायची. हल्ली तर नुसता नकाशा नाही — आत शिरून फिरता येईल असं अख्खं घर. तिच्या कॉम्प्युटरवर लोकांची पंधरा-वीस घरं आहेत, आणि एकाचं नाव नुसतं 'आपलं'. ते उघडलं. पुतणीने फोनवर सांगितलं — डब्ल्यू पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे, माऊस म्हणजे मान. तीस वर्षं क्रेन चालवली, विसाव्या मजल्यावर लोखंड बोटभर न चुकता ठेवलं, आणि इथे साध्या दारातून आत जाता येईना.

५ मार्च
दार उघडायला ई! आधी सांगितलं असतं तर कालचा दिवस वाचला असता.

७ मार्च
पुतणी म्हणाली, "काका, माऊस पुढे ढकला, छत दिसेल." ढकलला. फरशी! मागे ओढला, तर छत. "असं उलटं कसं होईल? तुमचंच काहीतरी चुकतंय." असेल. पण मला तेच सोपं जातं. क्रेनचा दांडा मागे ओढला की आकडा वर — हाताला एवढंच ठाऊक.
तिला मीटिंग होती. फोन ठेवल्यावर नुसता फ्रीजचा आवाज येत राहिला.

१० मार्च
पॅसेज पार केला. गरगरलं. उठून तोंड धुतलं.
गेल्या वर्षी रोज संध्याकाळी हाक यायची — "अहो, दोन मिनिटं या ना, काहीतरी दाखवायचंय." मी टीव्हीसमोर. "उद्या बघू." किती उद्या गेले! मग दवाखाना सुरू झाला, हाक थांबली, आणि ती गेली. आता एवढंच कळायला हवंय — या घरात तिने मला धरलं होतं का? की मी येतच नाही म्हणून एकटीचंच मांडलं? विचारू कोणाला?

१३ मार्च
बैठकीत एकच खुर्ची. दोनदा फिरून पाहिलं. जेवायच्या टेबलाशीही एकच. म्हणजे एकटीचंच. चुकलं तिचं? मुळीच नाही.
ओटा मात्र उंच झालाय, तिला स्टूल घ्यावं लागलं असतं. घाईत चुकली असेल.

१४ मार्च
उघडलं नाही.

१६ मार्च
राहवलं नाही, उघडलं. डब्ल्यू चिकटतंय. 'नाचता येईना अंगण वाकडं,' म्हणाली असती. पण खरंच चिकटतंय!

१७ मार्च
दुरुस्तीवाला आला. बटणाखाली बिस्किटाचा चुरा निघाला. तिचाच. कागदावर काढून ठेवलाय. वेडेपणा आहे, कळतंय मला.
त्याने माऊस फिरवून बघितला आणि हसला. "आजोबा, हे कोणीतरी मुद्दाम उलटं करून ठेवलंय. बाईंना असं लागायचं?" तिची बाकीची घरंही त्याने उघडून पाहिली. सगळी सरळ. उलटं या एकातच. "करून देऊ सरळ?"
"हात लावू नका!" इतक्या जोरात ओरडलो की बिचारा उठूनच उभा राहिला. नंतर चहा पाजला त्याला.

१८ मार्च
आज ओट्यापाशी उभा राहिलो. कडेला तिने उंची लिहिलीय. मग खऱ्या स्वयंपाकघरात जाऊन टेपने जमिनीपासून माझ्या कंबरेपर्यंत मोजलं. बरोबर माझ्या उंचीचा आहे.
म्हणजे हाका मारत होती तेव्हाच तिला आजार कळला होता.
या घरात मला धरलंय का, विचारत होतो. या घरात फक्त मीच आहे.