मुखपृष्ठावर सगळ्यांना जागा

तीर्थस्वरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं काकूंनी फोनवर सांगितलं, ऐकून बरं वाटलं. त्यांचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. म्हणजे घरचे ठीक, माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. तुम्ही शाळेचे अध्यक्ष आणि मी तिथलाच चित्रकलेचा मास्तर, तेव्हा हे गाऱ्हाणं दुसऱ्या कोणापुढे घालू?

शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ यंदा माझ्या गळ्यात पडलं. (गेल्या वर्षी मशाल, उघडं पुस्तक, कबुतर आणि उगवता सूर्य असं सगळं एकदम होतं. तो अंक घरोघरी गरम कुकरखाली ठेवायला कामी आला.) यंदा सातवीतल्या एका मुलीनं चित्र काढलं: मधल्या सुटीत नळाला तोंड लावून पाणी पिणारा पोरगा, सदरा छातीपर्यंत ओला, बाकी सगळा कागद कोरा. बस्स. मी ते शिक्षकांच्या खोलीत लावलं, तर दारातून बघणारासुद्धा आधी हसायचा आणि मग पाणी प्यायला जायचा. काका, मुखपृष्ठानं याहून जास्त काय करायचं असतं हो?

पण आमच्याकडे कोरी जागा दिसली की माणसं लगेच रुमाल टाकतात. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, एवढा कागद वाया कशाला घालवायचा, आणि त्यांनी चंचुपात्र बसवलं. खेळाच्या सरांना ढाल हवी होती. भूगोलवाले रुसले, म्हणून पृथ्वी आली. (गणिताच्या सरांनी काहीच मागितलं नाही, तेव्हा मला अगदी भरून आलं. दुसऱ्या दिवशी ते कंपास घेऊन हजर.) शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं की अध्यक्षांचा फोटो हवाच. म्हणजे तुमचा. जागा तर उरली नव्हती, म्हणून पोराला काढलं आणि त्याच्या जागी लंबगोलात तुम्हाला बसवलं. नळ तसाच राहिला. आता पाण्याची धार थेट तुमच्या टकलावर पडते आहे आणि तुम्ही अत्यंत गंभीरपणे समोर बघताय. मी हे दाखवून दिलं, तर बाई म्हणाल्या, "अहो, धार कसली, प्रकाशाचा झोत वाटतो तो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

असो. आपलेच दात, आपलेच ओठ. प्रकृतीला जपा.

तुमचा पुतण्या

ता. क. फोटो मात्र छान आलाय.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे पत्र लिहिलं ते यासाठी: अंक सोमवारी छापायला जातोय. "माझा फोटो आतल्या पानावर घ्या आणि चित्र होतं तसंच छापा," एवढी एक ओळ तुम्ही बाईंना लिहा. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. (बाईंनी फोटो मागितला असं वर लिहिलंय, ते तुमचा मान राखायला. तो तुम्ही आपणहून पाठवलात हे मला काकूंकडून कळलंय. त्यांच्यावर रागावू नका.)

आणखी एक. तयार मुखपृष्ठ मी त्या मुलीला दाखवलं. मला वाटलं ती आता रडेल, पण रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, खाली माझं नाव आहे ना, ते तेवढं काढाल?"