काहीच न बांधण्याची स्पर्धा

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, जेवणानंतर

आदरणीय कमलमावशी,

सुगतचा मनापासून जय भीम. तू, काका आणि दारातला तो चिडका कुत्रा, तिघंही आपापल्या जागी सुखरूप असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, पण ते हातोडीमुळे, इथल्या हवेमुळे नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो मावशी' म्हणतो, त्यात माझी बाजू राहूनच जाते, म्हणून हे पत्र.

तुझ्या लेकीसाठी तू बजावलं होतंस की प्रणिताला सांग, आर्किटेक्चर शिकायला गेलीस तर शिक, स्पर्धा बंद. पाच झाल्या, एकीतही नंबर नाही. आता आणखी एक केलीस तर सरळ अमरावतीला आणून बसवीन. हा निरोप मी शब्दाला शब्द पोचवला. चोआ चू कांगला तिच्या खोलीवर गेलो, वरणभात खाल्ला (मीठ कमी होतं), आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं दादा. तुझ्याकडे पाइनचे उरलेले तुकडे आहेत का?"

आता मी सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये, तुकडे माझ्याकडे असणारच. खोटं बोलायचं नाही हे तूच शिकवलंस. त्यामुळे सहाव्या स्पर्धेचं मॉडेल माझ्याच टेबलावर आलं, यात माझा दोष किती ते तू ठरव.

इथे सरकारी घरांच्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या इमारतीखालच्या अशा जागेत 'जीव आणा', अशी स्पर्धा होती. प्रणिताने भरपूर जीव आणला होता: लाटेसारखी वळणारी बाकं, झाडांच्या कुंड्या, पुस्तकांचं कपाट, झोका. मला काम दिलं माणसं कापायचं. मॉडेलमध्ये बोटाच्या पेराएवढी माणसं लावतात ना, ती. नमुन्यातली सगळी शिडशिडीत, लांब ढांगा टाकणारी. एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही. मी विचारलं, "हे सगळे कुठे निघालेत?" तर म्हणे, "दादा, ती फक्त माप कळायला असतात. त्यांना कुठे जायचं नसतं." मला ते पटेना. माणूस आहे म्हणजे त्याला काहीतरी काम असणार.

मग मला आठवलं की तिच्याच इमारतीखाली मागच्या महिन्यात एक म्हातारे चिनी आजोबा वारले, तर तीन दिवस तिथे पडदे, गोल टेबलं, शंभरेक खुर्च्या आणि मधे शवपेटी. आम्ही बाजूने मान खाली घालून लिफ्टकडे जायचो. त्याच जागी पुढच्या शनिवारी एक मलय लग्न लागलं. ती प्रिंट काढायला बाहेर गेली तेव्हा मी मापात एक छोटी शवपेटी केली आणि मॉडेलमध्ये ठेवून पाहिली. जाईना. लाट आडवी. तिरकी करून पाहिली, कुंडीत अडकली. (मेलेल्या माणसाला तिरकं नेणं मला बरं वाटलं नाही.) शेवटी मी करवत घेतली.

प्रवेशिका द्यायला दोन दिवस उरले होते, मावशी. ती आली, लाटेचा तुकडा हातात घेतला आणि खाली बसली. "मूर्ख आहेस का रे तू?" म्हणाली. मी घाबरून चाळीस खुर्च्या केल्या. मग तिने मॉडेल स्वतःकडे वळवलं, शवपेटी या खांबापासून त्या खांबापर्यंत सरकवत नेली आणि म्हणाली, "झोकापण काप." शेवटी राहिलं काय, तर कडेने एक लांब बाक आणि खांबांवर पडदे बांधायला कड्या. बाकी मोकळं.

मी तेव्हाच विचारलं, नंबर येत नाही तर हा खटाटोप कशाला? ती म्हणाली, वर्गात सरांना माझा चेहरा माहीत आहे, मागचं काम माहीत आहे, ते मला बघून ड्रॉइंग बघतात. स्पर्धेत नाव जात नाही, नुसता एक आकडा जातो. तिथे काम एकटं उभं राहतं, आणि पडलं तरी स्वतःचं पडतं. नंतर बसमध्ये मी हेच घोळवत होतो. पाच वर्षांत मी चार धंदे बदलले. प्रत्येक ठिकाणी आधी 'शिक्षण नववीपर्यंत' हे पाहिलं, मग हात पाहिले. तू म्हणतेस माझा पाय ठरत नाही. असेल. पण आधी हात पाहणारं दार शोधत फिरण्याला दुसरं काय म्हणतात मला माहीत नाही.

असो. निरोप पोचवला, एवढं कळवायचं होतं. काकांना नमस्कार.

तुझा,
सुगत

ता. क. निकाल लागला. नंबर नाही. परीक्षकांनी लिहिलंय, 'जागा उत्तम समजली आहे, पण डिझाइन कुठे आहे?' तो कागद तिने भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते.

ता. क. २. सातवी स्पर्धा आहे. वय होत चाललेल्या बाईचं स्वयंपाकघर. प्रणिताने आठवणीने तुझं काढलंय, पण मसाल्याच्या डब्यांपर्यंत हात पोचायला तू ज्या पाटावर चढतेस, तो त्यात नव्हता. मी सांगितल्यावर तिने सगळं खोडलं आणि नवा कागद घेतला. तर जमिनीपासून ओटा किती, तुझं कोपर किती, वरची फळी किती आणि तो पाट किती, एवढं हवं आहे. उंची खरी सांग, टाचा उचलू नकोस.

ता. क. ३. पत्र घेऊन आलेला शैलेंद्र माझ्याच वर्कशॉपमधला. त्याच्या खिशात मापाची टेप आहे. काय बोलायचं ते त्याला बोल, तो ऐकून घेतो. पण आधी टेपचं एक टोक त्याच्या हातात दे.