भाऊजींनी दिलेलं कलम

भिलाई, सेक्टर सहा
पौषातला मंगळवार, ऊन पायरीवर आलं आहे

तीर्थस्वरूप सिंधुताईस,

धाकट्या तेजरामचा साष्टांग नमस्कार. साष्टांग खरं तर खाली उतरून घालायचा असतो, पण या घडीला अंगणातल्या बाजेवर ऊन असं पसरलं आहे की मला उठवत नाही. तेव्हा बसल्या बसल्या घातलेला गोड मानून घे. तुझा डोळा कसा आहे? ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, एवढं फोनवर कळलं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, ती काटेकोर पाळ. थेंब वेळेवर घाल, चुलीच्या धुरात बसू नकोस. इकडे आम्ही खुशाल. मोनूच्या आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, आणि गुडघे थांबले की ती कुरकुरते, म्हणजे घरात शांतता अशी नाही.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? अगं, तुमच्याकडे फोन वाजला की हेमराज भाऊजी आधी स्पीकर लावतात आणि मग अख्खी आळी माझी खुशाली ऐकते. मला जे सांगायचं आहे ते फक्त तुला सांगायचं आहे. हे पत्र भाऊजींच्या नजरेला पडू देऊ नकोस, एवढी शपथ घाल स्वतःला आणि मग पुढे वाच.

ताई, यंदा थंडी अशी पडली आहे की काय सांगू! पस्तीस वर्षं मी प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या, कोळशाच्या भट्टीच्या, तोंडाशी काढली. बाहेर थंडी आहे हे मला इतरांच्या स्वेटरवरून कळायचं. निवृत्त झालो आणि हिवाळा नावाची वस्तू असते हा शोध लागला. आता सकाळी धुकं असतं, मग ते विरतं, आंब्याच्या पानांवरून थेंब पडतात, आणि दहाच्या सुमारास ऊन कुंपण ओलांडून माझ्या पायाशी येऊन बसतं. मी तुरीच्या शेंगा सोलत असतो (निवृत्तीनंतर मिळालेली एकमेव बढती). हिरवेगार सोले टोपल्यात पडत राहतात, डोळे मिटत राहतात, आतून फोडणीचा वास येतो आणि क्षणभर वाटतं, आपण आपल्या आईच्या चुलीजवळ आहोत आणि तू माझ्या ताटातलं वांगं पळवून राहिली आहेस. मग हाक येते. सोलेभात, भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, लाल भाजी. भातातून वाफ निघत असते, त्यावर अंगणातल्या झाडाचं फळ अर्धं कापून पिळायचं. सालीचा वास बोटांना दिवसभर राहतो. जेवून पुन्हा बाजेवर पडलं की मी तो वास घेत झोपतो, आणि या जगात मला कुणाशी भांडायचं उरलेलं नसतं.

मी फळ म्हणालो, संत्रं म्हणालो नाही. तिथेच सगळी गोम आहे.

नऊ वर्षांपूर्वी नातीच्या, उन्नतीच्या बारशाला भाऊजी आपल्या बागेतलं संत्र्याचं कलम घेऊन आले, आठवतं? ओल्या पोत्यात गुंडाळून, नागपूरपासून मांडीवर धरून. (बाळाला मात्र त्यांनी एका हाताने घेतलं.) स्वतः खड्डा खणला, लावलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "खालचा खुंट जंभेरीचा हाय, आंबटढोण लिंबू. वर काडीवरचा डोळा बसवून बांधला तो संत्र्याचा. जोडाच्या खाली फुटवा आला का खुडून टाकजो." मी प्लांटमध्ये सेफ्टीचं भाषण ऐकायचो तशी मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या टिकारामची शेळी कुंपणातून आली आणि जोडाच्या वरचं सगळं खाऊन गेली. शेळीला जोड बरोबर कळला, मला नाही. महिन्याभरात खालून असा जोरदार कोंब फुटला की मी म्हटलं, वा, भाऊजींच्या हाताला यश आहे! आणि पाणी घालत राहिलो.

सहाव्या वर्षी झाड लदबदलं. मोठी, पिवळीधमक, जाड सालीची फळं. मी फोटो काढला, भाऊजींना पाठवला, मग नारळ फोडला आणि पहिली फोड तोंडात घातली. ताई, माझा डावा कान उजव्या कानाला जाऊन भेटला. टिकाराम कुंपणापलीकडून शांतपणे म्हणाला, "ए संतरा नोहे भैया, जंभीरी आय." आणि तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी. "तेजराम, गोड हाय का?"

तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी. पण माणूस नागपूरपासून मांडीवर रोप घेऊन आलेला, त्याला मी काय सांगू? शेळीनं खाल्लं म्हणून? मी म्हटलं, "लय गोड हाय, भाऊजी."

तेव्हापासून तीन हिवाळे झाले. दर हिवाळ्यात एक फोटो, दर हिवाळ्यात तोच प्रश्न, आणि दर हिवाळ्यात माझा गोडवा वाढत गेला. परवापरवापर्यंत हे खोटं सुखाने नांदत होतं. पण गेल्या वर्षी भाऊजींच्या बागेत डिंक्या शिरला, बुंध्यांतून डिंक गळायला लागला आणि त्यांनी एकेक झाड आपल्या हाताने तोडलं. तूच सांगितलंस, तेव्हापासून ते वावराकडे फिरकत नाहीत, जेवताना बोलत नाहीत. आणि आता आठ दिवसांपूर्वी त्यांचा फोन. "संक्रांतीले येतो. माह्या बागेचं आपल्या घरातलं एकच झाड राह्यलं आता, तुह्या आंगणात. त्याच्याखाली बसून एक संत्रा खातो, मंग झालं." ते 'मंग झालं' माझ्या कानातून जात नाही, ताई. मला त्या माणसाची फार माया आहे आणि त्याला द्यायला माझ्याकडे एक लिंबू आहे. त्यात तू सहज म्हणालीस की वर्षभर हात न लावलेला कलमाचा चाकू काढून ते रोज धार लावून राहिले आहेत. त्या चाकूचं मला काही बरं वाटत नाही.

उपाय म्हणून मी रविवारी सुपेल्याच्या बाजारातून दोन डझन नागपुरी संत्री आणली आणि काळ्या दोऱ्याने झाडाला बांधली. (जंभेरीला काटे असतात. हे अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे.) लांबून काय सुंदर दिसत होतं! मी खाली बाज टाकली, उन्हात डोळा लागला आणि स्वप्नात भाऊजी त्याच झाडाखाली बसून फोडी सोलत होते, एक स्वतःला, एक मला. जाग आली तर कुंपणाशी सात-आठ माणसं. देवळातून परतणाऱ्या एक बाई विचारत होत्या, हे कोणत्या नवसाचं झाड, आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपलाही एक दोरा बांधला. उन्नती सगळ्यांना समजावत होती, "दादाजी ने लटकाए हैं, असली नहीं हैं." टिकारामच्या शेळीनं (त्याच शेळीची नात असावी, तोंडवळा तोच) खालची चार संत्री दोऱ्यासकट खाल्ली. मोनूची आई दारात उभी राहून नुसती बघत होती.

असो. सोलेभाताची हाक आली आहे. घरातल्या सगळ्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, शेळ्यांना काही नाही.

तुझा,
तेजराम

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. भाऊजींना संक्रांतीला येऊ देऊ नकोस. तुझ्या डोळ्याचं निमित्त सांग, रड, काहीही कर. पुढल्या वर्षीपर्यंत मी काहीतरी करतो.

ता. क. दुसरा, बुधवार. पाकीट चिकटवत होतो. मोनूच्या आईने विचारलं, "ताईले तर महिनाभर वाचाले मना हाय. हे पत्र वाचून कोण दाखवन?"

मी पाकीट पुन्हा उघडलं.

मग ती म्हणाली, "अन् त्या पह्यल्या फोटोत पानं होते, काटे होते. जल्मभर संत्रे लावणाऱ्या माणसाले जंभेरीचं पान समजलं नसन का? चाकू तुमाले माराले नाही काढला त्यायनं. डोळा बांधाले काढला."

तेव्हा हेमराज भाऊजी, नमस्कार. आत्तापर्यंत तुम्ही हे ताईला मोठ्याने वाचून दाखवत आहात आणि मधेमधे हसत आहात. पत्र फाडणार होतो, पण राहू दिलं. तीन वर्षांचं खोटं आहे, ते ताईला तुमच्याच आवाजात कळू दे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी दर हिवाळ्यात विचारत राहिलात! वर लिहिलेलं सगळं रद्द समजा. संक्रांतीला या. झाडाच्या बुंध्यापासून यंदा पेन्सिलीएवढे जाड फुटवे निघाले आहेत, मी आज हात लावून पाहिले. तुमच्या बागेतून नेलेलं कलम ज्या कुणाच्या वावरात अजून जिवंत असेल, त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन या. या वेळी मी नीट ऐकेन. कुंपणातलं भगदाड मी आणि टिकाराम मिळून आजच बुजवतो. फक्त एक फांदी जंभेरीचीच राहू द्या, सोलेभात तिच्यावाचून जात नाही.

आणि यंदाचा तुमचा 'गोड हाय का'चा फोन अजून आला नाही, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवतो. आंबट हाय, भाऊजी. लय आंबट हाय. लवकर या.